वाचक विचारतात : आई माळकरी, मुलांना हवी सुरमई, हर्णैला राहायचं कुठे?

प्रश्न : डिसेंबरच्या सुट्टीत तीन दिवस दापोलीजवळच्या हर्णैला यायचं म्हणतोय. मी, पत्नी, नववी-सहावीतली दोन मुलं आणि आई. मुलांना सुवर्णदुर्ग आणि मासळीचा लिलाव बघायचाच आहे. आईला कड्यावरच्या गणपतीचं दर्शन हवंय; ती माळकरी आहे आणि तिचे गुडघे दुखतात. कुठे राहावं, काय कधी बघावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : राहा आंजर्ल्यात आणि मासे खायला हर्णैला जा. मी आंजर्ल्याची सून, त्यामुळे पक्षपात होणारच, पण कारणही आहे. आमच्याकडे निव्वळ शाकाहारी घरगुती खाणावळी पुष्कळ. आईंना माशांचा वाससुद्धा न येता आंबोळी, डाळिंब्यांची उसळ आणि सांगितलंत तर उकडीचे मोदक मिळतील. पूर्वी मधली खाडी तरीतून ओलांडावी लागे. आता पूल आहे, गाडीने पटकन हर्णै.

तीन दिवसांचं वेळापत्रक पाठवा म्हणून पत्रं येतात. मी पाठवत नाही, कारण इथे घड्याळ भरती-ओहोटीचं. घरात कालनिर्णय असेलच. त्यातली तिथी घ्या, तिला तीनाने गुणा, चाराने भागा. जे येईल त्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, दिवसाही आणि रात्रीही. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. हिशेब ढोबळ आहे, पण पोरांना पाण्यात कधी सोडायचं ते ठरवायला पुरतो. ओहोटी लागली की मुलांना बाहेर काढा, पाणी आत ओढतं. आणि खाडीच्या मुखाशी कुठल्याच वेळी उतरू नका. पाणी दिसायला संथ, पण ओढ भयंकर.

सुवर्णदुर्ग सकाळी करा. हर्णै बंदरातून होड्या जातात, पण समुद्र खवळलेला असेल तर होडीवाला ‘नाही’ म्हणेल. त्याच्याशी हुज्जत घालू नका. लाइफ जॅकेट मागून घ्या. किल्ल्यापाशी धक्का नाही, होडीतून गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. म्हणून आईंना नेऊ नका, त्या किनाऱ्यावरच्या कनकदुर्गापाशी बसून किल्ला बघतील. आत सावली बेताची, प्यायचं पाणी बरोबर न्या. मुलांना दोन गोष्टी आधी शोधायला सांगा: दरवाज्याच्या पायरीवर कोरलेलं कासव आणि तटात कोरलेला मारुती. तटाचा बराच भाग बांधलेला नसून बेटाचा कातळच तासून काढलाय, तो हात लावून बघा.

2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत हा आहे. थोरल्या नववीवाल्याला जरा पुढची गोष्टही सांगा. 1755 च्या एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सच्या इंग्रजी आरमाराने याच तटावर तोफा डागून किल्ला मराठा आरमाराच्या तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि इंग्रज आले होते पेशव्यांशी हातमिळवणी करून. आपलं आरमार आपणच परक्याकडून फोडवून घेतलं, असं माझं स्पष्ट मत. ते ऐकून आमच्याकडे जेवायच्या पंगतीत वाद होतात, तुमच्याकडेही होऊ द्या.

लिलाव दुपारी चारनंतर रंगतो. वाळूत ढीग ओतलेले, कोळंबी, बांगडा, माकूल, सुरमई. भोवती रिंगण आणि बोली इतक्या झपाट्याने चढते की नवख्याला कुणी घेतलं तेच कळत नाही. तिथे बोली लावायला जाऊ नका, तो घाऊक व्यापार आहे. कडेला कोळणी वाटे लावून बसतात, त्यांच्याकडून घ्या. कल्ला उचलून बघा, लालभडक हवा. पापलेट डोक्यापाशी दाबा. पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर राहू द्या. भाव अर्ध्यावर पाडायचा शहाणपणा करू नका, फटकळ उत्तर मिळेल आणि ते तुमच्या मुलांच्या कायमचं लक्षात राहील. पायात जुन्या चपला असू द्या.

आमच्या आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला आता वरपर्यंत गाडी जाते, आईंच्या गुडघ्यांची काळजी नको. उजव्या सोंडेचा गणपती. मूळ देऊळ समुद्राकाठी होतं, पाणी वर आलं तेव्हा देव कड्यावर चढला अशी आख्यायिका. सध्याच्या देवळाचा जीर्णोद्धार 1768 ते 1780 मधला. समोरच्या तळ्यात मासे-कासवं आहेत. तिथे मात्र सुरमईचा विषय काढू नये म्हणून धाकट्याला बजावून ठेवा. वरून सुवर्णदुर्ग दिसतो.

आसूदच्या केशवराजच्या देवळात आईंना नेऊ नका. पोफळीच्या बागेतून उतार, ओढ्यावरचा पूल, मग पायऱ्यांची चढण. तुम्ही चौघं जा. वर झऱ्याचं पाणी दगडी पन्हळीतून आणून गोमुखात सोडलंय, ओंजळ धरा.

मुरूडला जायचं असेल तर मोबाइलच्या नकाशावर ‘मुरूड, दापोली’ असं लिहा. नुसतं मुरूड टाकलंत तर रायगड जिल्ह्यात, जंजिऱ्याच्या मुरूडला पोचाल. आमचं मुरूड महर्षी कर्व्यांचं. दुर्गादेवीच्या देवळातले लाकडी खांब बघा.

प्रश्न : कासवांची पिल्लं बघायला कधी यावं? – एक वाचक, कल्याण

उत्तर : फेब्रुवारी ते एप्रिल. वेळास आणि आमच्या आंजर्ल्यात ऑलिव्ह रिडलेची घरटी जपली जातात. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात, पण घरट्यातून निघाली तर. त्या दिवशी एकही निघालं नाही तर कार्यकर्त्यांवर डाफरू नका. दोन दिवस हाताशी ठेवून या आणि फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा.