दोरावरची काकई कापडाबरोबर का सुटली?

प्रश्न : आम्ही पाचजणींनी खाडीत बांबूचा मांडव घालून डिसेंबरात काकई, म्हणजे हिरवे शिंपले, लावली. दोराभोवती बी, म्हणजे काकईची पिल्लं, पसरून वर मच्छरदाणीचं कापड शिवलं. महिन्याने कापड काढायला गेलो तर निम्मी काकई कापडासकट हातात आली. उरलेली मोठी व्हावी म्हणून पावसाळाभर ठेवू का?
– एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : ताई, घरातली जुनी मच्छरदाणी कापलीत ना? पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं. ती नायलॉनची. आपल्याला लागतं सुती, विरळ विणीचं, स्वस्तातलं कापड. ते खाऱ्या पाण्यात काही दिवसांत कुजतं आणि तोवर काकईने आपले धागे दोराला चिकटवलेले असतात. नायलॉन कुजत नाही, मग ती त्यालाच धरून बसते. दुकानदार म्हणतो, "नायलॉन घ्या, टिकेल." अहो, टिकायलाच तर नकोय!

सुटलेली फेकली नसेल तर अजून वेळ गेली नाही. मिटलेली, जड लागणारी निवडा, ओल्या गोणपाटात ठेवा आणि त्याच दिवशी सुती कापडात पुन्हा शिवा. ती परत धागे सोडते. मीटरभर दोराला अर्धा-पाऊण किलो पुरे. जास्त कोंबलीत तर वजनानेच घसरेल. आणि अमावास्येच्या ओहोटीला एकदा बघून या, दोराचं टोक चिखलाला टेकत असेल तर वर बांधा. टेकलं की खेकडे चढलेच.

पावसाळ्यात मात्र मुळीच ठेवू नका. एका वर्षी भावाच्या हट्टापायी मी चार दोर ठेवले. खाडीला गोडं पाणी आलं आणि चौथ्या दिवशी सगळी काकई तोंड वासून. होडी तीनदा धुतली तरी वास जाईना. केरळात कासरगोडकडे पडन्न्याच्या बचतगटांतल्या बायका कितीतरी वर्षं हे करतात, त्यांचंही पीक पावसाआधी निघतं. पाच-सहा महिन्यांत काकई सात-आठ सेंटिमीटरची होते, तेवढी बाजाराला पुरते. तुमची लागवड डिसेंबरची, म्हणजे मेअखेर दोर बाहेर काढा. पावसाळ्यात काही ठेवायचंच असेल तर कालवं ठेवा. कमी खाऱ्या पाण्यात ती काकईपेक्षा जास्त तग धरतात.

विकण्याआधी एक दिवस स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवा, पोटातली रेती निघते. पहिल्या गिऱ्हाइकाच्या दाताखाली रेती आली तर ते परत येत नाही, हेही मी अनुभवलंय.