पोस्टग्रेस सर्व्हरवर चालतं, लॅनवरच्या दुसऱ्या पीसीवरून लागत नाही

उबंटू सर्व्हरवर नुकतंच पोस्टग्रेस (डेटाबेस) टाकलंय, त्याच मशीनवर पीएसक्यूएल (त्याची कमांड-लाइन) उघडतं, विंडोज पीसीवरून पिंगही जातंय, पण कनेक्ट होत नाही, असा तुमचा प्रश्न. पिंग फक्त मशीन उत्तर देतंय एवढंच दाखवतं, पोर्टबद्दल (प्रोग्राम ज्या क्रमांकावर कनेक्शन घेतो; पोस्टग्रेसचा सहसा 5432) काहीच सांगत नाही, त्यामुळे ते बाजूला ठेवा. आणि कृपा करून फायरवॉल पूर्ण बंद करून बघू नका. आधी एरर नीट वाचा, निम्मं उत्तर त्यातच असतं.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं, तर पॅकेट बहुधा सर्व्हरपर्यंत पोचलंय, पण त्या पत्त्यावर त्या पोर्टला कुणी ऐकत नाहीये. बराच वेळ अडकून ‘टाइम्ड आउट’ आलं, तर बहुधा वाटेत फायरवॉल पॅकेट गिळतोय. ‘नो पीजी एचबीए एंट्री’ (पीजी एचबीए म्हणजे कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारी पोस्टग्रेसची फाइल) आलं, तर नेटवर्क ठणठणीत आहे, पोस्टग्रेस स्वतः नाही म्हणतंय.

रिफ्यूज्ड असेल तर सर्व्हरवर ‘एसएस -एलटीएन’ (ss -ltn) चालवा, कोणत्या पत्त्यावर कोणतं पोर्ट ऐकतंय ते दिसेल. 5432 च्या आधी 127.0.0.1 दिसलं की कारण सापडलं: मूळ सेटिंगमध्ये पोस्टग्रेस फक्त स्वतःच्या मशीनवरूनच कनेक्शन घेतं. पोस्टग्रेसच्या मुख्य कॉन्फ फाइलमध्ये (postgresql.conf) ‘लिसन अॅड्रेसेस’ची (listen_addresses) ओळ शोधा, लोकलहोस्टच्या पुढे स्वल्पविराम देऊन सर्व्हरचा लॅन आयपी लिहा. इथे हमखास एक चूक होते: किंमत बदलली जाते, पण ओळीच्या सुरुवातीचा # तसाच राहतो आणि ती ओळ कॉमेंटच ठरते. बदलानंतर रीस्टार्टच करा, या सेटिंगला रीलोड पुरत नाही.

मग पीजी एचबीए फाइल (pg_hba.conf). ‘होस्ट’, डेटाबेस, युजर, 192.168.1.0/24 (तुमची रेंज असेल ती) आणि पासवर्ड तपासण्याची पद्धत म्हणून स्क्रॅम-शा-256 (scram-sha-256), अशी एक ओळ घाला. एकाच पीसीला परवानगी द्यायची असेल तर त्याचा आयपी आणि /32. 0.0.0.0/0, म्हणजे सगळ्याच आयपींना परवानगी, टाकायचा मोह टाळा. ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि जुळणारी पहिलीच लागू होते. तिथे पासवर्ड चुकला तर पुढची बघितली जात नाही. इथे रीलोड पुरतो.

टाइम्ड आउटसाठी यूएफडब्ल्यूमध्ये (उबंटूच्या फायरवॉलमध्ये) त्याच रेंजला 5432 टीसीपी उघडा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ (Test-NetConnection) या कमांडला सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट देऊन तपासा, शेवटी ‘ट्रू’ यायला हवं.

मशीनवर पोस्टग्रेसचं जुनं व्हर्जन आधीपासून असेल, तर उबंटू नव्याला सहसा 5433 पोर्ट देतं. मग तुम्ही दुरुस्त करताय एक आणि कनेक्ट करताय दुसऱ्याला. मशीनवरची सगळी पोस्टग्रेस आणि त्यांचे पोर्ट दाखवणारी ‘पीजी एलएसक्लस्टर्स’ची (pg_lsclusters) यादी आधी बघून घ्या.