सकाळी चालतो, दुपारी पाणी तुटतं

प्रश्न : नागावला आमच्या होमस्टेत 30 हजार लिटरचा पोहण्याचा तलाव आहे. 1 एचपीचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर, चिऱ्याच्या चौथऱ्यावर बसवलाय. तलावापासून पंपापर्यंत दीड इंची हिरवा होज आहे. सकाळी पंप व्यवस्थित चालतो. दुपारी गाळणीच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे येतात आणि पाणी तुटतं. गळती कुठेच नाही. प्लंबर पंप बदला म्हणतो. बदलावा का?

उत्तर : पंप ठेवा, होज काढा. बागेचा होज आतला दाब सोसतो, ओढ सोसत नाही. उन्हाने मऊ पडला की सक्शनच्या, म्हणजे पंप तलावातून पाणी खेचतो त्या बाजूच्या, ओढीने चपटा होतो. दुपारी पंप चालू असताना वळणापाशी हात फिरवा, खळगा बोटांना लागेल. शिवाय दीड इंच मुळातच अपुरा. तेवढंच पाणी दोन इंचीऐवजी दीड इंचीतून ओढलं तर घर्षण तीन-चार पट होतं.

गळती दिसणारच नाही, कारण सक्शनच्या फटीतून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. पंप चालू ठेवून एकेका जोडावर दाढीचा फेस लावा. फेस आत ओढला गेला की तिथेच फट. सुरुवात गाळणीच्या झाकणापासून करा. झाकणाच्या ओ-रिंगखाली (गोल रबरी कडीखाली) वाळूचा एक कणही पुरतो, आणि किनाऱ्यावर वाळू कुठेही पोचते. रिंग धुऊन सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलिन नको, त्याने रबर फुगतं. नंतर पंपाच्या तोंडाचा आट्यांचा अडॅप्टर पाहा. पाणी तुटून पंप कोरडा फिरला की आत उरलेलं पाणी तापतं आणि प्लास्टिकचे आटे आकसतात. मग टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा, हवा शिरतेच. तुमच्याकडे हे रोज दुपारी होतंय, तेव्हा अडॅप्टर नवाच घ्या.

नवी लाइन दोन इंची, म्हणजे बाहेरून 63 मिमीच्या कडक यूपीव्हीसीची टाका. तलावाकडून पंपाकडे सलग हलका चढ द्या. मध्ये कुबड आलं की हवा तिथे साठते. पंपाच्या तोंडाला लागून एल्बो (काटकोनी वळणाचा जोड) नको, आधी 25-30 सेंमी सरळ पाइप हवा. बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन (फिरवून उघडता येणारा जोड) घातलं तर पंप पाइप न कापता काढता येतो. पाइप चिकटवायचं सोल्युशन लावण्याआधी दोन्ही तोंडं घासून पूर्ण कोरडी करा, बसवताना पाव फेरा फिरवा, अर्धा मिनिट दाबून धरा आणि 24 तास पंप लावू नका. पावसाच्या दिवसांत हे काम काढूच नये. ओल्या पाइपवर जोड धरत नाही.

कुठे होज लागलाच तर आत कडक सर्पिल असलेला सक्शन होज घ्या आणि 316 स्टेनलेसच्या दोन-दोन क्लिपा लावा. साध्या क्लिपा खारी हवा खाऊन टाकते.

प्रश्न : पंपातून तलावाकडे परत जाणारा पांढरा पाइप पिवळा पडून तडकतो.

उत्तर : उन्हाने ठिसूळ झालाय. तडकलेला तुकडा बदला आणि उघड्या भागावर पाण्यात कालवायचा फिकट अॅक्रिलिक रंग द्या. पाइप माडाखालून जात असेल तर फूटभर खोल पुरा. ठिसूळ पाइपवर एक झावळी पडली तरी तो फुटतो.