सर्वो जोडला आणि डावं चाक ऐकेना

प्रश्न : आर्डुइनो ऊनो बोर्डवरच्या दोनचाकी रोबोटला सेन्सर फिरवायला सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) लावला. तेव्हापासून डाव्या चाकाचा वेग बदलत नाही. उजवं नीट चालतं. मोटर ड्रायव्हर (मोटरांना वीज देणारं सर्किट) बिघडला का?

उत्तर : ड्रायव्हर बदलायची घाई करू नका. डाव्या मोटरची इनेबल वायर (ड्रायव्हरला वेग कळवणारी) ९ किंवा १० नंबरच्या पिनवर आहे का, ते आधी पाहा. सर्वो लायब्ररी या दोन पिना चालवणारा चिपमधला टायमर १ ताब्यात घेते, त्यामुळे सर्वो कुठेही जोडलेला असला तरी या दोन पिनांवर पीडब्ल्यूएम (वेग ठरवणारे झटपट चालू-बंद होणारे स्पंद) मिळत नाही. दोन्ही इनेबल वायरी ५ आणि ६ वर घ्या, प्रोग्राममधले पिन-क्रमांकही बदला (हेच हमखास राहून जातं). तिथे पीडब्ल्यूएम ४९० ऐवजी ९८० हर्ट्झ असतं, म्हणून कमी वेगाचे आकडे पुन्हा जुळवून घ्या. बझर लावणार असाल तर ३ आणि ११ मोटरला देऊ नका. बझर वाजवणारं टोन फंक्शन टायमर २ वापरतं, आणि या दोन पिनांचं पीडब्ल्यूएमही त्याच टायमरवर चालतं.