वसाहतवाद्यांचे बंड? आधी ते 'वादी' काढा!

एका वाचक ताईंनी विचारले आहे. त्यांच्या नववीतल्या मुलीला शाळेत वादविवादासाठी विषय मिळालाय: 'अमेरिकेतील वसाहतवाद्यांचे इंग्लंडविरुद्धचे बंड समर्थनीय होते काय?' यात 'बंड' हा शब्द बरोबर आहे, की 'उठाव' किंवा 'क्रांती' म्हणायला हवे?

ताई, बंडाकडे येतो. पण आधी त्या 'वसाहतवाद्यां'चा निकाल लावू द्या, कारण हा शब्द ऐकला की माझे डोके उठते. दुसऱ्याच्या मुलखात आपली वसाहत करावी आणि तिच्यावर घरबसल्या राज्य करावे, अशा मताचा माणूस तो वसाहतवादी. 'वादी' लागला की मत आलेच. समाजवादी म्हणा, गांधीवादी म्हणा. नुसते राहण्यावरून वादी होता आले असते तर चाळीत राहणारा चाळवादी आणि पुण्यात राहणारा पुणेवादी म्हणावा लागला असता. (दुसऱ्या शब्दाला माझी फारशी हरकत नाही.) 'वसाहतवाद्यांनी वसाहतवादी सरकारविरुद्ध बंड केले' हे वाक्य मी छापलेले वाचले आहे. कोण कोणावर उठले, देव जाणे.

'वसाहतवासी' म्हणा, चालेल. मला विचाराल तर 'वसाहतकरी' म्हणा. शेतकरी, गावकरी यांच्या पंगतीत तो आपसूक बसतो. शेतकऱ्याशी तर त्याचे रक्ताचे नाते निघते. 'कॉलनी'च्या मुळाशी लॅटिन 'कोलोनिया' आहे आणि तिच्या मुळाशी 'कोलोनुस', म्हणजे जमीन कसणारा. रोमन राज्यकर्ते निवृत्त शिपायांना जिंकलेल्या मुलखात जमिनी देऊन वसवत, त्या वस्त्या म्हणजे कोलोनिया. जर्मनीतल्या अशाच एका वस्तीचे नाव झिजून कलोन झाले, आणि आमच्या लहानपणी ताप चढला की आई कपाळावर ज्याच्या घड्या ठेवायची ते कोलनवॉटर त्याच गावचे. असो.

आता बंड. बंड म्हणजे काय हे कोणाला सांगायला नको, मौज आहे ती 'बंडखोर'मध्ये. हा '-खोर' फारसीतला, 'खाणारा' या अर्थाचा. हरामखोर हरामाचे खातो, लाचखोर लाच खातो. पुढे खाणे सुटले आणि खोड उरली, म्हणून भांडखोर, चहाडखोर, दंगेखोर. या सगळ्या खोरांत एक तरी भला माणूस दाखवा. तेव्हा बंड हा सिंहासनावरून बोलायचा शब्द आहे. इंग्लंडच्या राजाने, तिसऱ्या जॉर्जने, ऑगस्ट १७७५ मध्ये फर्मान काढून अमेरिकेतल्या वसाहती उघड बंडात आहेत असे जाहीर केले. त्याच्या तोंडी तो शोभतो. आपल्याकडेही उमाजी नाईकांचे बंड, सत्तावनचे बंड, वासुदेव बळवंतांचे बंड असे आमचे आजोबा बिनदिक्कत म्हणत, कारण तो शब्द सरकारदरबारातून उतरून घराघरांत रुळला होता. आता तर तिकीट नाकारलेल्याने अपक्ष अर्ज भरला तरी ती 'बंडखोरी' होते आणि अर्ज मागे घेण्याच्या दिवशी दुपारी ती 'शमते'. बिचारे बंड!

ज्यांनी बंड केले म्हणायचे, त्यांनी स्वतःसाठी हा शब्द कसोशीने टाळला. ४ जुलै १७७६ चा त्यांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढून बघा. राजाविरुद्ध सत्तावीस तक्रारी आहेत, पण 'रिबेलियन' नाही, 'रेव्होल्यूशन'ही नाही. त्यांचे म्हणणे असे की राजानेच आम्हाला टाकले, आम्ही फक्त नाते संपल्याचे जगाला कळवतो. त्या मजकुरात उठावाचा शब्द येतो तो एकदाच, शेवटच्या तक्रारीत: राजाने आमच्यात घरातल्या घरात उठाव चेतवले. हे घरातले कोण, तर त्यांचेच गुलाम. आदल्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाच्या गव्हर्नराने, लॉर्ड डनमोरने, बंडवाल्यांचे जे गुलाम राजाच्या बाजूने लढतील त्यांना स्वातंत्र्य देऊ केले होते, त्याची ही चीड. म्हणजे मालक राजावर उलटला तर तो निसर्गदत्त हक्क, आणि गुलाम मालकावर उलटला की उठाव.

'उठावा'ची एक गंमत सांगतो. वाण्याला विचारा, उठाव म्हणजे गिऱ्हाईक. 'यंदा मालाला उठाव नाही' असे तो म्हणतो. १७७३ साली ईस्ट इंडिया कंपनीचा कोटीभर पौंडांहून जास्त वजनाचा चहा लंडनच्या गोदामांत पडून होता. तो खपावा म्हणून पार्लमेंटने कायदा करून कंपनीला थेट अमेरिकेत माल पाठवण्याची मुभा दिली. चहा स्वस्त होणार होता, पण पौंडामागे तीन पेन्सांचा जुना कर तसाच ठेवला. १६ डिसेंबरच्या रात्री बॉस्टनच्या बंदरात चिडलेल्या वसाहतकऱ्यांनी चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या. चहाला उठाव नव्हता, म्हणून उठाव झाला! हे वाक्य मुलीने भाषणात वापरले तरी माझी ना नाही.

आता क्रांती. या विषयाचे आमचे एक जाणकार स्नेही ठासून सांगतात, 'फसले तर बंड, साधले तर क्रांती.' ऐकायला झकास, आणि साफ खोटे. १८४८ मध्ये युरोपभर जे झाले ते बहुतेक सगळीकडे फसले, तरी त्याला क्रांतीच म्हणतात. रशियातली १९०५ची क्रांती झारला गादीवरून हलवू शकली नाही, नाव तेच राहिले. उलट आपले सत्तावन फसले आणि तरीही बंडाचे स्वातंत्र्यसमर झाले. टाळ्या मिळतात म्हणून नियम होत नाही, गुरुजी.

शब्द काय म्हणतो ते बघा. लॅटिन 'रेव्होल्वेरे' म्हणजे मागे वळणे, गरगर फिरणे. कोपर्निकसचा १५४३ चा ग्रंथ ग्रहगोलांच्या 'रेव्होल्यूशनां'विषयी आहे आणि त्यात कोणाचेही राज्य उलथत नाही. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी कोशातही आधी हा अर्थ येतो: निघालेली वस्तू फिरून मूळ जागी येणे. राज्यातला बदल हा अर्थ त्याने मागाहून दिला, आणि तिथेही रूढ वापर सांगितला तो विल्यम आणि मेरी इंग्लंडच्या गादीवर आले त्या १६८८ च्या घडामोडीचा.

आणि आपली क्रांती? तीही आकाशातलीच! क्रांतिवृत्त म्हणजे सूर्याची वाट. सूर्य विषुववृत्तापासून किती उत्तरेला वा दक्षिणेला सरकला ते अंतर म्हणजे त्याची क्रांती. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथाने ती जास्तीत जास्त चोवीस अंश धरली आहे. मकर संक्रांत तिचीच सख्खी बहीण. एक शब्द रोमचा, एक आपला, आणि दोघेही ज्योतिषाच्या पाटीवरून राजकारणात आले. मला हे कळले त्या रात्री झोप लागली नव्हती.

पण जुळ्यांमध्ये एक फरक आहे आणि माझ्या मते सगळा वादविवाद त्यातच आहे. 'रेव्होल्यूशन' फिरून जागेवर येते; 'क्रांती' पाऊल टाकते. धातू 'क्रम्', म्हणजे पाऊल टाकणे, ओलांडणे. आक्रमण, अतिक्रमण, पराक्रम सगळे त्याच घरचे. (उर्दूचा 'इन्किलाब' उलथतो, बंगालीचा 'विप्लव' पुरासारखा चढतो. नद्यांच्या मुलखाला पुराचाच शब्द सुचणार, असे मला वाटते. कोणी हसले तरी मी हे मत सोडणार नाही.)

आता हे दोन अर्थ अमेरिकेला लावा. १७६५ पासून वसाहतकरी म्हणत होते ते रेव्होल्यूशन, जुन्या अर्थाने. आम्ही इंग्रज, आमचे जुने हक्क आम्हाला परत द्या, आमचे प्रतिनिधी नसलेल्या सभेने आमच्यावर कर बसवू नये. खरे तर कर भारी नव्हते. फ्रान्सशी झालेल्या सात वर्षांच्या युद्धाने इंग्लंडचे कर्ज जवळजवळ दुप्पट झाले होते आणि तिकडची रयत जास्त भरत होती. करावरून बंड झाले असे म्हणणाऱ्यांनी १७६६ कडे बघावे. वसाहतींतल्या कागदपत्रांवर कर बसवणारा स्टँप कायदा रद्द केला त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा केला: वसाहतींना कोणत्याही बाबतीत बांधून घेण्याचा आम्हाला अधिकार आहे. पुढे १७७४ मध्ये बॉस्टनचे बंदर बंद केले, मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली. जे हातात होते तेच काढून घेतल्यावर 'परत द्या' म्हणणे मला रास्त वाटते. इथवर मी मुलीच्या अनुकूल बाजूचा.

पण क्रांती? राजाने १७६३ मध्ये ॲपलाशियन डोंगरांच्या माथ्यावरून एक रेघ ओढली होती: पलीकडची जमीन तिथल्या मूळ लोकांची, ओलांडू नका. जमिनीच्या व्यवहारात गुंतलेल्या बड्यांना ती रेघ खुपत होती. तरुणपणी मोजणीदार असलेले जॉर्ज वॉशिंग्टन त्यांतलेच. स्वातंत्र्य मिळाले आणि रेघ पुसली. ओहायोच्या खोऱ्यातल्या शॉनी लोकांना हे 'क्रम्' कसे वाटले असेल? मला वामन आठवतो, तोही याच धातूचा: त्रिविक्रम. मागितली तीन पावले, आणि पाताळात गेला बळी. आमच्या बायका अजून 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' म्हणतात, विक्रमाचे नाही. आणि या एका बाबतीत, नाइलाजाने मान्य करतो, त्या लोकांना 'वसाहतवादी' म्हणणारा चुकून बरोबर ठरतो.

जॉन्सन तर कोशकारच, त्याने शब्दावरच बोट ठेवले. स्वातंत्र्यासाठी सर्वांत मोठ्याने ओरडतात ते गुलाम हाकणारेच कसे, असे त्याने १७७५ च्या पत्रकात विचारले. पत्रक सरकारच्या बाजूचे होते आणि जॉन्सनला सरकारी निवृत्तिवेतन होते, हेही मुलीने सांगावे. प्रतिपक्ष सांगायच्या आत.

आपल्याकडचा धागा हवा असेल तर तोही आहे. ज्या कंपनीचा चहा बुडाला तिच्याशीच पुणेकर १७७५ ते १७८२ लढत होते, म्हणजे जवळजवळ तीच वर्षे. अमेरिकेतल्या यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ज्याच्या फौजेने हत्यारे ठेवली तो इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला.

'समर्थनीय'बद्दल दोनच ओळी. मराठीत 'समर्थन' म्हणजे कृती योग्य होती हे कारणे देऊन दाखवणे. बाजूने उभे राहणे म्हणजे 'पाठिंबा'. हिंदीच्या वाऱ्याने हे दोन्ही एक होऊ लागलेत. मुलीने बंडाला पाठिंबा द्यायचा नाही, समर्थन होते का ते तपासायचे आहे. परीक्षकांनाही हा फरक माहीत असेल, अशी आशा करू.

तर, विचारले होते ते राहिलेच. विषयात 'उठाव' लिहा. राजाचा शब्द नको आणि जेत्याचाही नको. 'वादी' खोडा. आणि शाळेने छापलेला विषय बदलता येत नाही असे बाईंनी सांगितले, तर पहिले अर्धे मिनिट त्या 'वादी'वरच खर्च करायला मुलीला सांगा.