नावं पाठ करण्याआधी वायर कापून बघ

बीपीटीएचचं (फिजिओथेरपीच्या पदवीचं) पहिलं वर्ष, दहावीपर्यंत मराठी माध्यम. न्यूरोअ‍ॅनाटॉमी (मेंदू आणि नसांची रचना) तीनदा वाचून झाली, ट्रॅक्टची (मेंदू आणि शरीर यांच्यात निरोप नेणाऱ्या तंतूंच्या जुडग्यांची) नावं रात्री पाठ होतात आणि चार दिवसांत उडून जातात. सुरुवात मेंदूपासून करू की स्पायनल कॉर्डपासून (पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपासून), आणि मराठीतून समजून घेतलं तर परीक्षेत नुकसान होईल का, असं तू विचारलं आहेस. मी बावीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे, त्यातली पाच वर्षं शिकवण्यात गेली, आणि फर्स्ट इयरला याच विषयात कशीबशी काठावर पास झाले होते. तेव्हा थोडं सविस्तर लिहिते.

आधी माझी व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा. सरांनी कागदावर कॉर्डचा आडवा छेद काढला, डावी अर्धी बाजू पेन्सिलीने काळी केली आणि विचारलं, "एवढं कापलं गेलंय. पेशंट तुला काय सांगेल?" मी सुरू केलं, "सर, लॅटरल स्पायनोथॅलॅमिक ट्रॅक्ट, फॅसिक्युलस ग्रॅसिलिस..." सर म्हणाले, "पेशंटला फॅसिक्युलस माहीत नाही. तो काय सांगेल?" माझी बोलती बंद. सगळी नावं तोंडपाठ होती, पण त्या नावांचं करायचं काय हे ठाऊक नव्हतं.

तीन-चार वर्षांनी नोकरीत तसाच पेशंट समोर आला. उसाच्या पट्ट्यातला गडी, भांडणात पाठीवर कोयत्याचा वार झालेला. डावा पाय ओढत चालायचे. एक दिवस उजव्या पायावर हा मोठा फोड घेऊन आले. अंघोळीचं पाणी कढत होतं, त्यांनी आधी उजव्या पायावर ओतलं, कातडी लाल झाली तरी त्यांना पत्ता नाही. मला म्हणाले, "ताई, जो पाय चालतो त्याला समजत नाही, आणि ज्याला समजतं तो चालत नाही." सरांच्या प्रश्नाचं उत्तर ते हेच.

आता हे वाक्य कागदावर उतरव. मोठा कागद घे, मधोमध उभी रेघ मार. खाली दोन्ही पाय, वर मेंदूचे दोन अर्धगोल, मध्ये कॉर्ड, कॉर्डच्या वर मेड्युला (मेंदूच्या देठाचा सगळ्यात खालचा भाग). फक्त तीन वायरी काढायच्या, तीन रंगांत.

पहिली हुकमाची. मेंदूच्या उजव्या बाजूकडून निघते, खाली येते, मेड्युलाच्या तळाशी हिचे साधारण ८० ते ९० टक्के तंतू बाजू बदलतात आणि मग कॉर्डच्या डाव्या बाजूने उतरून डाव्या पायाला जातात. दुसरी वायर दुखणं आणि गरम-गार यांची. ती उजव्या पायाकडून येते, कॉर्डमध्ये शिरते आणि एक-दोन सेगमेंटच्या (कॉर्डचा एक तुकडा, जिथून नसांची एक जोडी निघते) आतच पलीकडे जाते. म्हणजे उजव्या पायाची ही वायर कॉर्डच्या डाव्या बाजूने वर चढते. तिसरी वायर सांध्याची स्थिती, कंपन आणि बारीक स्पर्श यांची. ती आळशी आहे. डाव्या पायाकडून आली की डाव्याच बाजूने सरळ मेड्युलापर्यंत जाते आणि तिथे पोहोचल्यावर बाजू बदलते.

झालं चित्र? आता पाठीच्या पातळीला कॉर्डची डावी बाजू खोडरबराने पूस. पहिली वायर तुटली: डावा पाय लुळा. तिसरी तुटली: डाव्या पायाचा अंगठा वर आहे की खाली, हे डोळे मिटून सांगता येत नाही. दुसरी तुटली, पण ती मुळात उजव्या पायाची होती: उजव्या पायाला चटका कळत नाही. याला ब्राऊन-सेकार सिंड्रोम म्हणतात. मॉरिशसमध्ये १८१७ साली जन्मलेल्या चार्ल्स-एदुआर ब्राऊन-सेकार यांच्या नावावरून. नाव विसरलीस तरी हे चित्र आता विसरणार नाहीस, पैज लाव.

ट्रॅक्टची नावं तुझ्या डोक्यात राहत नाहीत कारण तू ती अभंगासारखी म्हणते आहेस. ती एसटीच्या पाटीसारखी वाच. 'पुणे–सातारा' म्हणजे पुण्याहून निघते, साताऱ्याला जाते. स्पायनोथॅलॅमिक कॉर्डमधून निघते, थॅलॅमसला (मेंदूच्या आतल्या संवेदनांच्या केंद्राला) जाते. कॉर्टिकोस्पायनल कॉर्टेक्समधून (मेंदूच्या वरच्या थरातून) कॉर्डकडे. पाटी वाचता आली की प्रत्येक गाडीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची उरते: ती बाजू कुठे बदलते. माझ्या मते अर्धी न्यूरोअ‍ॅनाटॉमी एवढीच आहे. (अर्धीच. चिडू नये.)

म्हणून सुरुवात कॉर्डपासून कर. वर्गात मेंदू आधी शिकवतात ते ठीक आहे, पण मेंदू म्हणजे मोठं जंक्शन. आधी रूळ कळू देत.

रुळांवरून आठवलं, तिसऱ्या वायरीत पायाचे तंतू मधल्या बाजूला आणि हाताचे बाहेरच्या बाजूला का, हा व्हायव्हाचा लाडका प्रश्न. लोकलचा डबा आठव. कर्जतला चढलेला माणूस आत सरकत सरकत खिडकीशी पोहोचतो, ठाण्याला चढलेला दारातच राहतो. पायाचे तंतू खालून, आधी चढलेले. हाताचे मागाहून येतात आणि बाहेर लटकतात. दुसऱ्या वायरीत मात्र हाच क्रम उलटा असतो, पायाचे बाहेर. कारण तिथे नवे तंतू दारातून येत नाहीत, ते पलीकडच्या बाजूने, मधूनच आत घुसतात.

आता मणका आणि सेगमेंट. इथे चांगली हुशार मुलंसुद्धा घसरतात. कॉर्ड पाठीच्या कण्याच्या शेवटापर्यंत जात नाही. गर्भात तिसऱ्या महिन्यापर्यंत दोघांची लांबी सारखी असते. पुढे हाडं भराभर वाढतात, कॉर्ड मागे पडते. जन्माच्या वेळी तिचं टोक तिसऱ्या कमरेच्या मणक्यापाशी असतं, मोठेपणी पहिल्या-दुसऱ्यापाशी. त्याखाली नळीत असतात त्या फक्त लोंबणाऱ्या नसांच्या मुळ्या, घोड्याच्या शेपटीसारख्या. म्हणून पाठीतून पाणी काढताना सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये घालतात. ती जागा तू आत्ता उभ्या उभ्या शोधू शकतेस. कमरेवर हात ठेव, बोटं हाडाच्या वरच्या कडेवर टेकव, दोन्ही कडा जोडणारी रेघ मनात ओढ. ती साधारण चौथ्या मणक्यावरून जाते.

याचा अर्थ असा की रिपोर्टमध्ये 'एल १ फ्रॅक्चर' (कमरेचा पहिला मणका मोडलाय) असं लिहिलंय म्हणून आत एल १ सेगमेंट दुखावलाय असं नसतं. त्या हाडाच्या आत त्रिकास्थीचे (माकडहाडाच्या वरच्या हाडाचे) सेगमेंट बसलेले असतात, लघवी-संडासवर ताबा ठेवणारे. हा पेशंट पहिल्या दिवशी पायापेक्षा कॅथेटरबद्दल जास्त विचारतो तो का, हे मग कळतं. मानेत वेगळीच गंमत. मणके सात, नसांच्या जोड्या आठ. पहिल्या सात जोड्या आपापल्या मणक्याच्या वरून निघतात, आठवी सातव्याच्या खालून, आणि तिथून पुढे सगळ्याच मणक्याच्या खालून. एकूण जोड्या ३१.

डर्माटोम, म्हणजे कातडीचा कोणता पट्टा कोणत्या सेगमेंटचा, हे पुस्तकातल्या रंगीत चित्रावरून पाठ करू नकोस, बॉलपेनने स्वतःच्या हातावर काढ (सी म्हणजे मानेचे सेगमेंट, टी म्हणजे छातीचे). दंडाची बाहेरची बाजू सी ५, अंगठा सी ६, मधलं बोट सी ७, करंगळी सी ८, कोपराखाली आतली बाजू टी १. छातीवर कॉलरबोनच्या खाली सी ४ संपतो आणि लगेच टी २ सुरू होतो. मधले पाच गेले कुठे? गर्भात हाताचा कोंब फुटला तेव्हा तो त्यांना बरोबर घेऊन गेला. पायांचं चित्र विचित्र वाटत असेल तर खोलीचं दार लावून रांगत्या बाळासारखी चार पायांवर उभी राहा. सगळे पट्टे वरून खाली पडल्यासारखे दिसायला लागतात. बेंबी टी १०, आणि अपेंडिक्सची दुखण्याची वायरही तिथेच शिरते, म्हणून ते दुखणं आधी बेंबीभोवती सुरू होतं आणि नंतर उजवीकडे खाली सरकतं.

ब्रेकियल प्लेक्सससाठी (हाताला जाणाऱ्या नसांच्या जाळ्यासाठी) माझ्याकडे एक लोकरीचा उपाय आहे, मुलींना खूप आवडायचा. पाच रंगांच्या लोकरीचे वीतभर धागे घे: सी ५ ते टी १. वरचे दोन एकत्र पीळ, मधला एकटा, खालचे दोन एकत्र. हे तीन ट्रंक. आता प्रत्येकाचा पीळ सोडून दोन भाग कर, एक पुढचा, एक मागचा. तिन्ही मागचे भाग एकत्र बांध, हा पोस्टेरियर कॉर्ड (इथे कॉर्ड म्हणजे नसांचा जुडगा, स्पायनल कॉर्ड नव्हे). वरच्या दोघांचे पुढचे भाग एकत्र, लॅटरल कॉर्ड. खालच्याचा पुढचा भाग एकटा, मीडियल. पोस्टेरियरमधून रेडियल निघते, आणि तिच्यात पाचही रंग दिसायला हवेत. दिसत नसतील तर कुठेतरी चुकलीस, सोडव आणि परत बांध. तीनदा सोडवून बांधलं की कागदावर काढताना हात आपोआप चालतो. मग कात्री घे. वरचा ट्रंक कापला तर बाळंतपणात मान ताणल्या गेलेल्या बाळाचा हात दिसतो, अंगाला चिकटलेला, आत वळलेला. रेडियल कापली तर मनगट लोंबतं.

अल्नर नस मात्र बोटाने चाचपून बघ. कोपराच्या आतल्या हाडामागच्या खाचेत दोरीसारखी सरकते. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत करंट जातो तो हिच्यामुळेच. कुष्ठरोगात ही नस इथे जाड होते, म्हणून तपासणारा आधी कोपर धरतो. निरोगी नस केवढी लागते हे बोटांना माहीत नसेल तर जाड झालेली कळणार कशी? होस्टेलच्या दहा मैत्रिणींची कोपरं चाचपून घे. आणि एक बारकावा: बधिरपणा अनामिकेच्या मधोमध थांबत असेल, अर्धं बोट बधिर आणि अर्धं चांगलं, तर दोष बहुतेक अल्नर नसेत आहे, मानेतल्या मुळीत नाही. मुळी बोट असं मधून चिरत नाही.

क्रेनियल नर्व्हवर (मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांवर) फार वेळ घालवू नकोस. पाठांतराची वाक्यं सगळ्यांकडे असतात, ती चालतील. त्याबरोबर एवढं ठेव: दोन, दोन, चार, चार. पहिल्या दोन ब्रेनस्टेमच्या (मेंदूच्या देठाच्या) वर, मग त्या देठाचे वरून खाली तीन भाग: पुढच्या दोन मिडब्रेनच्या, मग चार पॉन्सच्या, शेवटच्या चार मेड्युलाच्या. सातवीची (चेहऱ्याच्या स्नायूंच्या नसेची) एक गोष्ट पक्की कर. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, तोंडाच्या खालच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. त्यामुळे मेंदूतल्या पक्षाघाताच्या झटक्यात तोंड वाकडं होतं पण कपाळावर आठ्या पडतात. बेल्स पाल्सीत नसच बिघडते, तिथे आठ्याही जातात. भुवया वर करायला सांगायला दोन सेकंद लागतात.

स्पेसिमेन हाताळायला मिळत नाही असंही लिहिलं आहेस. डिसेक्शन हॉलमध्ये एका मेंदूभोवती वीस जणी आणि डोळ्यांत फॉर्मलिन, हे सगळीकडचं आहे. खात असाल तर मटणवाल्याला बकऱ्याचा भेजा न फोडता द्यायला सांग. वासाचे बल्ब त्यात केवढे मोठे असतात ते बघच. खात नसाल तर फ्लॉवरचा गड्डा उभा चीर. लहान मेंदूच्या छेदात पांढऱ्या फांद्या कशा पसरतात ते हुबेहूब दिसतं, आणि संध्याकाळी भाजीही होते.

आता मराठीचा प्रश्न. समजून मराठीतच घे, आकृतीवर नावं पहिल्या दिवसापासून इंग्रजीत लिही. 'अनुमस्तिष्क' (लहान मेंदू) वगैरे शिकायच्या भानगडीत पडू नकोस, व्हायव्हा घेणाऱ्यालाही तो शब्द शोधावा लागेल. पण एक घोळ आपल्या बोलण्यातच आहे, त्यापासून सावध राहा. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो, नर्व्हलाही नस म्हणतो, आणि पोटरीत गोळा आला तरी 'शीर आखडली' म्हणतो. वाचताना डोक्यात हे तिन्ही एक होऊन बसतात. पेशंटही तसंच बोलणार. 'हात बधिर झालाय' म्हणणाऱ्याला कधी स्पर्श कळत नसतो, तर कधी हात उचलत नसतो. 'पाय जड पडलाय' याचेही दोन्ही अर्थ होतात. मी विचारते, "चप्पल पायातून निसटली तर कळतं का?" 'नाही कळत' म्हणाले तर वर जाणाऱ्या वायरी तपासायच्या. 'कळतं, पण पाय अडकतो' म्हणाले तर खाली येणारी.

पाच आठवडे आहेत म्हणालीस. पहिले दोन फक्त त्या तीन वायरींच्या कागदाला दे. रोज सकाळी कोऱ्या कागदावर, पुस्तक न बघता. पंधरा दिवसांनी खालचा पेशंट सोडव आणि उत्तर इथेच लिही, ट्रॅक्टचं एकही नाव न घेता: एका बाईंना अचानक गरगरलं, आवाज घोगरा झाला, घास गिळताना ठसका लागतो. डाव्या गालाला टाचणी टोचलेली कळत नाही, पण मानेखाली उजव्या अंगाला कळत नाही. हातापायात ताकद चांगली आहे. कुठे कापलं गेलंय?