जेलमधून सुटलेला माणूस इंदूरला पार्षदाच्या निवडणुकीला उभा राहू शकतो का?

तुम्ही विचारलंय की वडिलांना मारामारीच्या केसमध्ये कलम ३२५ (गंभीर दुखापत) खाली तीन वर्षांची शिक्षा झाली होती, ती भोगून ते २०१८ ला बाहेर आले, आता पुढच्या नगर निगमच्या, म्हणजे महानगरपालिकेच्या निवडणुकीत पार्षद (नगरसेवक) म्हणून उभं राहायचं म्हणतायत, तर कायदा आडवा येईल का आणि लोक काय म्हणतील. घरच्यांचा विरोध आहे हेही लिहिलंय.

मी इंदूरला जिल्हा कोर्टात वकिली करते, आणि २०२२ च्या निवडणुकीत अशाच एका माणसाचं नामांकन भरण्यापासून मतमोजणीपर्यंतचं काम मी बघितलंय. उभे राहू शकतात, आणि मला विचाराल तर त्यांनी राहावं.

आधी कायदा. नगर निगमसाठी संविधानाचा अनुच्छेद २४३-व्ही लागतो, त्याचा अर्थ असा की जो माणूस विधानसभेला अपात्र तो निगमलाही अपात्र, फक्त वय पंचवीसच्या ऐवजी एकवीस चालतं. विधानसभेची अपात्रता ठरते लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ८ वरून. त्यात साध्या गुन्ह्यांसाठी नियम असा की दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल तर दोषी ठरल्या दिवसापासून बंदी सुरू आणि सुटल्यावर आणखी सहा वर्षं चालू. म्हणजे तुमचे वडील २०१८ ला सुटले तर २०२४ ला ती मुदत संपली, २०२७ च्या निवडणुकीला या कलमाची अडचण नाही. मात्र इथे बरेच लोक गोंधळ करतात, ते शिक्षा मोजताना आत काढलेले दिवस मोजतात. मोजायची ती जजनी सुनावलेली शिक्षा, माफी मिळून लवकर सुटले असतील तरी. आणि एकाच निकालात दोन-तीन कलमांच्या शिक्षा एकामागून एक भोगायच्या असतील तर सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या प्रभाकरन निकालाप्रमाणे त्यांची बेरीज धरतात, त्यामुळे दीड-दीड वर्षाच्या दोन शिक्षा असलेला माणूस 'मला दोन वर्षांची झालीच नाही' म्हणून फॉर्म भरतो आणि छाननीत बाहेर पडतो. त्याच निकालात हेही आहे की अपात्रता बघायची ती छाननीच्या दिवशी, नंतर अपिलात सुटलात तरी गेलेलं नामांकन परत येत नाही.

काही गुन्ह्यांना दोन वर्षांचीही अट नाही. ४९८-ए (बायकोचा छळ), बलात्कार, नशेचे पदार्थ, दोन समाजांत तेढ लावणं, यात दोषी ठरून नुसता दंड झाला तरी सहा वर्षं बंदी. हुंडा प्रतिबंध आणि भेसळीच्या कायद्यात सहा महिन्यांच्या शिक्षेला बंदी. तुमच्या वडिलांच्या निकालात असलं एखादं कलम जोडलेलं आहे का ते बघा, कारण घरात सगळे 'मारामारीची केस' म्हणतात आणि निकालात कलमं चार निघतात. शिवाय राज्याला आपली वेगळी कारणं जोडायचा अधिकार आहे, तेव्हा मध्यप्रदेश नगर पालिक निगम अधिनियम १९५६ मधली अपात्रतेची यादीसुद्धा कागद हातात घेऊन तपासून घ्या.

आता शपथपत्राचं. इथे काहीही लपवू नका, जुनं आहे म्हणून नाही, छोटं आहे म्हणून नाही, वरच्या कोर्टानी सोडलं म्हणूनही नाही. २०१५ मध्ये कृष्णमूर्ती विरुद्ध शिवकुमार या केसमध्ये सुप्रीम कोर्टानी गुन्ह्यांची माहिती दडवणं हा भ्रष्ट आचार मानला, आणि ती केस कुठल्या खासदाराची नव्हती, तमिळनाडूतल्या एका पंचायतीची होती. आपल्या शेजारचंच उदाहरण म्हणजे खरगोन जिल्ह्यातलं भीकनगाव, तिथल्या नगर परिषदेच्या एका पार्षदबाईंनी चेक बाउंसच्या केसमधली एक वर्षाची शिक्षा फॉर्ममध्ये लिहिली नाही, निवडणूक रद्द झाली आणि २०२५ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानीही तेच कायम ठेवलं. लिहिलं असतं तर त्या शिक्षेनी निवडणूक अडली नसती! म्हणून मी प्रत्येकाला सांगते की शिक्षेनी जेवढे फॉर्म जात नाहीत तेवढे लपवण्यानी जातात.

अजून एक गोष्ट बाहेरच्या लोकांना माहीत नसते पण तुमच्या घरात माहीत असेल, पोलीस ठाण्याची निगराणी यादी, म्हणजे ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांची नावं. सुटून आलेल्या माणसाचं नाव त्यात राहून जातं आणि मग निवडणूक जवळ आली की बाउंड ओवरच्या नोटिसा निघतात, म्हणजे शांतता राखीन म्हणून बाँड भरा. इंदूरला डिसेंबर २०२१ पासून पोलीस कमिश्नर पद्धत आहे, त्यामुळे हे काम आता पोलीस अधिकाऱ्यांच्याच हातात आहे. नामांकनाच्या आठवड्यात उमेदवार ठाण्याच्या चकरा मारत बसला तर प्रस्तावक कोण शोधणार आणि शपथपत्र कोण नोटरी करणार. इतक्या वर्षांत नवीन केस नाही तर नाव काढा असा अर्ज आत्ताच द्या, पावती घ्या, पावती सांभाळा. मतदार यादीत नाव आहे का तेही आत्ताच बघा, आत असताना घर बदललं, भाड्याची खोली सोडली, की नाव कटतं आणि सुटून आल्यावर कुणाला आठवतही नाही. निगमचा जलकर, संपत्तीकर बाकी असेल तर भरून टाका.

आता लोक काय म्हणतील. याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही म्हणून २०२२ चं सांगते. मी ज्यांचं काम केलं त्यांना आम्ही दादाच म्हणायचो. हाफ मर्डरची केस, म्हणजे कलम ३०७, खुनाचा प्रयत्न, पाच वर्षांची शिक्षा, आणि ज्या माणसाला तेव्हा लागलं होतं त्याचं घर त्याच वॉर्डात, दोन गल्ल्या सोडून. फॉर्म भरायच्या आधी दादा त्या घरी गेले, एकटे, कुणी कार्यकर्ता नाही, फोटो नाही. माफी त्यांनी आधीच कधीतरी मागितली होती, या वेळी एवढंच सांगायला गेले की मी उभा राहतोय, तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये. घरातले वडीलधारे म्हणाले उभा राहा, पण प्रचाराला आमच्या दारात हात जोडून येऊ नकोस. दादांनी ते पाळलं, पूर्ण प्रचारात त्या गल्लीतून रॅली नेली नाही, तिथली मतं गेली तर गेली. मला विचाराल तर त्यांच्या पूर्ण प्रचारातलं सगळ्यात मोठं काम हेच होतं, आणि ज्या दिवशी विरोधकांनी त्यांच्या शपथपत्राचा फोटो मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला त्या दिवशी ते कामाला आलं, कारण लोकांना हे आधीच माहीत होतं, दादांच्या स्वतःच्या प्रचाराच्या पत्रकावर दुसऱ्याच ओळीत केस, कलम आणि शिक्षा छापलेली होती.

दारोदार काय झालं ते खरं सांगते. काही दारं उघडलीच नाहीत. एक काकू म्हणाल्या, माझ्या घरात दोन मुली आहेत, तुम्हाला आत कसं बोलवू, आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण मी धरून चालले होते तसे सगळे जेलवरच अडून बसले नाहीत, बहुतेकांनी जेलचं एकदा विचारलं आणि मग ड्रेनेजवर आले. चेंबर भरतो, नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि तेही कमी दाबानी, पेन्शन अडकलीय, राज्य सरकारच्या समग्र आयडीत नाव चुकलंय. आणि इथे दादा बाकीच्या उमेदवारांच्या पुढे होते, कारण सुटून आल्यावर त्यांना स्वतःचा एक-एक कागद शून्यातून उभा करावा लागला होता, आधार, राशन, मतदार यादी, बँकेचं खातं, झोन ऑफिसात कुठल्या खिडकीवर कोण बसतं आणि कुठला बाबू जेवणानंतर भेटतच नाही हे त्यांना पाठ होतं, आणि निवडणुकीच्या कितीतरी आधीपासून ते लोकांचे फॉर्म भरून देत होते. ते निवडून आले नाहीत, अपक्ष होते, ८५ वॉर्डांच्या निगममध्ये अपक्षाला फार कमी जागा असते. पण मतं अशा गल्ल्यांतून पडली जिथे आम्ही आशाच सोडली होती.

तुमच्या घरचे जे म्हणतायत ना की जेलमध्ये गेलेल्या माणसानी राजकारणात पडू नये, त्यावर लोक दोन उदाहरणं देतात आणि मला दोन्ही पटत नाहीत. एक म्हणजे आणीबाणीतले मीसाबंदी, आपल्या मराठी मोहल्ल्यांत अशी घरं आहेत आणि त्यांचा मान आहे, पण ते विचारांसाठी आत होते, कोर्टानी त्यांना दोषी ठरवलेलं नव्हतं. दुसरं न्यूयॉर्कचे युसुफ सलाम, लहान वयात आत गेले, जवळपास सात वर्षं काढली आणि २०२३ मध्ये हार्लेममधून तिथल्या सिटी कौन्सिलवर निवडून आले, पण ते निर्दोष होते आणि तसं सिद्धही झालं. तुमच्या वडिलांनी गुन्हा केला होता आणि शिक्षा भोगली. त्यांचा हक्क निर्दोष असण्यावर उभा नाही, शिक्षा संपलीय यावर उभा आहे, आणि तो मला तेवढाच पक्का वाटतो. २०१६ पासून सुप्रीम कोर्टात एक याचिका चालू आहे की दोषी ठरलेल्याला आयुष्यभर निवडणूक लढवू देऊ नये, केंद्र सरकारनी फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला विरोध केला, हा विषय संसदेचा आहे म्हणून. मीही आजन्म बंदीच्या विरोधात आहे, माझं कारण वेगळं आहे. ज्याच्यावर दहा केसेस चालू आहेत आणि वर्षानुवर्षं तारखाच पडतायत त्याला कायदा आजही अडवत नाही, तो गाड्यांचा ताफा घेऊन फॉर्म भरायला येतो. आणि ज्यानी निकाल ऐकला, आत राहिला, वर सहा वर्षं थांबला, त्यालाच आपण म्हणायचं की तू घरी बस? हा अन्याय मला सहन होत नाही.

एक सल्ला अजून, कारण हे होणारच. मध्यप्रदेशात निम्म्या जागा महिलांच्या, आणि आरक्षणाची चिठ्ठी निघेपर्यंत वॉर्ड कुणाचा होईल सांगता येत नाही. महिला वॉर्ड निघाला की लोक म्हणतील आईला उभं करा, काम वडीलच बघतील. आईला स्वतःला करायचं असेल तर जरूर उभ्या राहू देत, नाहीतर नको. जो माणूस स्वतःच्या नावानी मत मागायला इतकी वर्षं थांबला त्यानी बायकोच्या नावाआड पार्षदपती होऊन बसू नये.

आता कामाचं. निकालाची सर्टिफाइड कॉपी कोर्टातून काढा, जेलचं रिहाईचं प्रमाणपत्र काढा, अपील कुठे पडून आहे का ते हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाच्या साइटवर नाव टाकून बघा. तिन्ही कागद एकत्र झाले की सुटल्याची तारीख, सगळी कलमं आणि प्रत्येक कलमाची शिक्षा इथेच खाली लिहा, वडिलांचं नाव लिहू नका. मी हिशोब करून सांगते.